कुणकुण

४ जानेवारी

प्रिय पान्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आई गेली तेव्हा आपण भेटलो, त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून तुला लिहीन लिहीन म्हणते आहे. पण काम पडल्याशिवाय कोणाची आठवण काढायची नाही, हा आपल्या दोघांच्या आयांनी दिलेला वारसा. बहिणी-बहिणी सख्ख्या, पण वर्षात एक पत्र, तेही कुणाचं तरी स्थळ विचारायला. तर काम पडलंय.

माझा लॅपटॉप बोंबलतोय. आतला पंखा. सुरू केला की पाच मिनिटं गप्प, मग जो सुटतो तो थांबायचं नाव नाही. माझं काम तुला माहीत आहे. इस्पितळातले डॉक्टर पेशंटविषयी तोंडी जे बोलून ठेवतात, ते मी घरी हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. आधीच हे लोक तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारखे बोलतात, त्यात हा पंखा. गेल्या महिन्यात माझी एक चूक निघाली. तपासणाऱ्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं की अशा तीन झाल्या की काम बंद. आई होती तोवर कामाचा कंटाळा यायचा. आता हेच एक आहे, ज्याच्यासाठी सकाळी केस विंचरते.

इथल्या दुकानात देता येत नाही. त्यात परक्या माणसांची दुखणी भरलेली आहेत, ती कोणाच्या हाती जाऊ देणार नाही अशी मी सही करून दिली आहे. आणि फोनही करणार नाही. आठ तास कानात माणसं बोलत असतात, त्यानंतर फोन कानाला लावायचा म्हणजे जिवावर येतं. तेव्हा काय करायचं ते लिहून पाठव, मी करते. चड्डीच्या खिशात पाना घालून हिंडायचास आणि माझी सायकल खोलून ठेवायचास, त्याची भरपाई समज. मॉडेलचा नंबर पाठीमागे लिहिला आहे.

वहिनीला आणि लेकीला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
ताई


९ जानेवारी

ताई,

नमस्कार. सायकल खोलली होती तशी परत जोडलीही होती. चार स्क्रू उरले ही गोष्ट वेगळी.

बावीस वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं हेच विचारतो, की आवाज कसा? नुसतं ‘आवाज येतो’ म्हटलेलं चालत नाही. खरखर असेल तर धूळ. घरघर असेल तर पंख्याचा दांडा झिजलाय. टकटक असेल तर पात्यात काहीतरी अडकलंय. एका बाईंच्या पंख्यात त्यांच्या कानातल्याची फिरकी निघाली होती. ‘बोंबलतोय’ हा प्रकार माझ्या यादीत नाही, पण तुझ्या वर्णनावरून खरखरच.

आता नीट वाच. लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ, टॉवेलवर उलटा ठेव. मागचे स्क्रू काढायच्या आधी एका कागदावर लॅपटॉपची चौकट काढ आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथे तो चिकटपट्टीनं चिकटव. हे टाळू नकोस. स्क्रू दोन लांबींचे असतात, लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. झाकण निघालं की गोल काळा पंखा दिसेल. लॅपटॉप सरळ ठेवल्यावर तो तुझ्या डाव्या हाताला येतो. पातं एका बोटानं धरून ठेव आणि कोरड्या ब्रशनं धूळ झाड. तेल घालू नकोस. पुन्हा लिहितो, तेल घालू नकोस. नंतर कसा वाजतो ते कळव.

घरी सगळे मजेत. वहिनी तुझी आठवण काढते.

तुझा,
पान्या


१६ जानेवारी

प्रिय पान्या,

तेल घातलं नाही. शिवणयंत्राची कुपी हातात घेतली होती, परत ठेवली.

आतून करड्या धुळीची एक अख्खी घडी निघाली, इस्त्री केल्यासारखी. तिच्यात आईचा एक पांढरा केस होता. मी काम करायची तेव्हा ती शेजारी खुर्ची टाकून बसायची ना, दर अर्ध्या तासानं ‘झालं का गं?’ करत. केस धुळीबरोबर टाकून दिला. मग कचऱ्याच्या डब्यात हात घालून शोधत बसले. सापडला नाही. एवढ्यासाठी रडू आलं, आता तुला काय सांगू.

टेंगूळ आलंय. कागद काढला होता, स्क्रू चिकटवले होते, सगळं तू सांगितलंस तस्सं. फक्त परत लावताना कागद उलटा धरला.

खरखर गेली. अगदी गेली. पण तिच्या खाली दुसराच एक आवाज दबलेला असावा, तो चार दिवसांपासून ऐकू येतोय. तुझ्यासाठी दोन दिवस त्याचं नाव शोधलं. खरखर नाही, घरघर नाही, शिट्टी म्हणावी तर तेवढी मोठी नाही. कुणकुण. शेजारच्या खोलीत कोणीतरी ओठ मिटून काहीतरी सांगतंय, तशी. डावीकडून येते, म्हणजे पंख्याकडूनच. खात्री करायला मी लॅपटॉप फिरवून त्याची पाठ माझ्याकडे केली, म्हणजे पंखा उजव्या हाताला आला. तरी कुणकुण डावीकडूनच. त्या बाजूला भिंत आहे, तिच्यावर आपटून परत येत असणार. मी काही अगदीच मठ्ठ नाही, बघ.

पुढे काय करू ते सांग.

ताई


२१ जानेवारी

ताई,

मावशीच्या केसाचं वाचलं आणि दुकानात बसवेना. शटर अर्धं ओढून आत जाऊन बसलो. लहानपणी तिनं माझं डोकं धुतलेलं आठवलं, साबण डोळ्यांत गेला की ‘मोठा इंजिनियर होणार आहेस ना, मग रडतोस काय’ म्हणायची. इंजिनियर झालो नाही.

‘कुणकुण’ हा शब्द बावीस वर्षांत मला कोणी दिला नव्हता. तुझं पत्र दोनदा वाचलं. कधी कधी धूळ निघाल्यावर जुना पंखा वेगळा वाजायला लागतो. तुझ्या मॉडेलचा नवा पंखा पाठवतोय. त्याच दोन स्क्रूंवर बसेल, वायरचं टोक हलक्या हातानं दाबायचं. भिंतीवर काहीतरी जाड कापड लावून बघ.

आणि सविस्तर लिही. सकाळी किती असते, दुपारी किती, कशानं वाढते, मध्ये काय काय घडलं, सगळं. घाई नाही. पंखा बसवायला आठवडा लागला तरी चालेल.

वहिनी मजेत.

पान्या


३० जानेवारी

प्रिय पान्या,

नवा पंखा बसला. कागद सरळ धरला होता. हाताला वारा लागतो आणि आवाज म्हणून नाही, इतका गुणी. पण कुणकुण आहे तिथेच आहे. भिंतीवर आईची शाल खिळ्यांनी ठोकली. खोली एखाद्या ज्योतिषाच्या दुकानासारखी दिसते, पण उपयोग शून्य.

तू सविस्तर लिही म्हणालास म्हणून लिहिते, नाहीतर हे कोणाला सांगणार? सकाळी उठल्यावर जरा जास्त असते. रस्त्यावर वाहनं सुरू झाली की त्यांच्या आवाजात बुडून जाते. दुपारी सगळं थांबतं तेव्हा पुन्हा वर येते. गेल्या आठवड्यात पोस्टमन माझ्यावर खेकसला, ‘बाई, तीनदा बेल वाजवली!’ मी म्हटलं, आमच्या पंख्याला बोला. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या हातात तुझं पार्सल होतं म्हणून मग नरमले. खरं सांगते, तुझं काही येईल म्हणून हल्ली मी दिवसातून दोनदा जिना उतरते.

वाईट बातमी शेवटी. दुसरी चूक निघाली. डॉक्टर म्हणाले होते ‘साठ’, मी टाइप केलं ‘आठ’. औषधाचं प्रमाण, पान्या. मॅडमच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. त्यांचा आवाज या वेळी गोड नव्हता. आता एकच उरली आहे. काहीही कर, पण हा आवाज घालव.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

घाबरू नकोस. आता एक शेवटचं करून बघू. पंख्याच्या शेजारी तांब्याची चपटी नळी आहे, तिच्या टोकाखाली एक पांढरं मलम असतं. ते सुकलं की मशीन तापतं आणि तापलं की सगळंच कुरकुरतं. मलमाची ट्यूब सोबत आहे. जुनं पुसून टाक आणि तांदळाच्या दाण्याएवढं नवं लाव, जास्त नको.

इकडे विशेष काही नाही. काल एक गृहस्थ कीबोर्ड घेऊन आले, त्यात साखर सांडली होती. म्हणाले, मुंग्या रोज बरोबर एकाच अक्षरावर जमतात. कुठल्या, म्हटलं. तर म्हणे ‘क’. आम्ही दोघं बराच वेळ हसलो, मग ते गेले. तुझा पोस्टमन वाचून परवाही असाच हसलो होतो, एकटाच. पोस्टमनबद्दल आणखी लिही. शेजारीपाजारी कोण आहेत तुझ्या तिथे? कधी लिहिलं नाहीस.

पान्या


११ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

मलम लावलं. तांदळाच्या दाण्याएवढंच. काही फरक नाही.

शेजारी एक जोडपं आहे, दोघंही सकाळी जातात आणि अंधार पडल्यावर येतात. खालच्या मजल्यावर शिंपी आहे. शेजाऱ्यांचं एवढंच.

मला आता ‘स’ ऐकूच येत नाही. सकाळ म्हटलं की अकाळ, साखर म्हटलं की आखर. एकेक वाक्य सहा-सहा वेळा मागे घेऊन ऐकते आणि एरवी दिवसाला होतात त्याच्या निम्मीसुद्धा कामं होत नाहीत. काल गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तिथेही कुणकुण. लॅपटॉप खाली, तोही बंद. म्हणजे आता हा पंखा माझ्या डोक्यात जाऊन बसला म्हणायचा. माणूस एकटं राहिलं की असं होतं का रे?

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

पंखा बिघडलेला नाही. तुझ्या मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. आवाज तुझ्या डाव्या कानात आहे. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. पैसे लागले तर कळव.

पान्या


२३ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

गेले. त्याच दिवशी गेले.

एका कपाटाएवढ्या खोलीत बसवतात, दार लावतात आणि हातात एक बटण देतात. आवाज ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी मी भराभर दाबत होते. मग काचेपलीकडच्या मुलीनं बाजू बदलली आणि मी वाट बघत बसले. बराच वेळ बसले. मला वाटलं ती चहाला गेली असेल. वळून बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती.

डाव्या कानाचं बरंच ऐकणं गेलंय. बारीक आवाज तर सगळेच, त्यात माझा तो ‘स’ पण; हेडफोन मी नेहमी डाव्याच कानाला लावायची. आणि जिथे ऐकू येत नाही तिथे कान आपलं आपणच काहीतरी वाजवत बसतो, ती कुणकुण. डॉक्टर म्हणाले, हे अचानक होतं, कारण दर वेळी सापडत नाही. मग विचारलं, ‘घरात कोणी सांगितलं नाही का, की मला तर काही आवाज येत नाही म्हणून?’ मी म्हटलं, सांगायला घरात कोणी नाही.

पान्या, एवढंच होतं रे. शेजारच्या खुर्चीत कोणीही असतं तरी चाललं असतं. ‘तुला येतोय का आवाज?’ एवढं एकदा विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. ते म्हणाले, पहिल्या पंधरवड्यात औषध सुरू झालं तर पुष्कळांचं ऐकणं परत येतं. मी सव्वा महिना काढला. औषध दिलंय, पण आशा धरू नका असं तोंडावर सांगितलं.

माझा भाऊ लॅपटॉप दुरुस्त करतो आणि त्यानं इतक्या लांबून नुसत्या पत्रांवरून ओळखलं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. मला किती अभिमान वाटला तुझा.

काम मी स्वतःच सोडलं. तिसऱ्या चुकीची वाट बघितली नाही. चुकीचा आकडा कुणाच्या तरी अंगात गेला असता. मॅडम फोनवर बराच वेळ चांगलं बोलल्या, उजव्या कानानं ऐकलं.

तुझी,
ताई


१ मार्च

ताई,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

ओळखलं हे खरं. पण चौदा फेब्रुवारीला नाही. जानेवारीत, तुझं दुसरं पत्र आलं तेव्हाच. पंखा उजवीकडे गेला आणि आवाज डावीकडेच राहिला, हे वाचल्यावर कोणालाही कळलं असतं. मला नुसती कुणकुण लागली होती असं म्हणून सुटता येणार नाही. मला पक्कं कळलं होतं. नवा पंखा पाठवला तेव्हा त्यानं काही होणार नाही हे मला ठाऊक होतं. मलमाच्या वेळीही ठाऊक होतं.

वहिनी मजेत आहे असं मी दर वेळी लिहीत होतो. असेलही. ती गेल्या उन्हाळ्यापासून लेकीकडे आहे. भांडण झालं नाही. महिनाभर म्हणून गेली, मग अजून थोडे दिवस राहते म्हणाली, मग मी विचारायचं सोडलं. दुकानात दिवसभर माणसं येतात, पण ती मशीनशी बोलायला येतात. तुझ्या पत्रात मावशी होती, पोस्टमन होता. मी ती दुकानाच्या खणात ठेवायचो आणि गिऱ्हाईक नसलं की काढायचो. मला वाटलं, कानाचं आहे असं सांगितलं की तू डॉक्टरकडे जाशील, माझं काम संपेल आणि पत्रंही संपतील. म्हणून म्हटलं, अजून एक पत्र येऊ दे. मग अजून एक.

कानात आवाज येणं हे वयाचं असतं, आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

तू अभिमान वाटला असं लिहिलंस, ते वाचल्यापासून नीट जेवण गेलेलं नाही. तुझा कान माझ्यामुळे गेला. माफी मागायला तोंड नाही.

पान्या


२२ मार्च

पान्या,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिल्या आठवड्यात तुला शिव्या दिल्या, मोठ्यानं. त्यातल्या अर्ध्याच मला ऐकू आल्या. दुसऱ्या आठवड्यात औषध संपलं आणि पुन्हा त्या कपाटात बसवलं. आहे तेवढंच राहणार आहे. तिसऱ्या आठवड्यात तुझी सगळी पत्रं काढून तारखांप्रमाणे लावली आणि वाचली. ‘घाई नाही, आठवडा लागला तरी चालेल.’ हे वाक्य मी तेव्हा किती प्रेमानं वाचलं होतं.

दुपारी उशीवर पडले की कुणकुण येतच होती आणि तेव्हा लॅपटॉप बंदच असायचा. म्हणजे मलाही कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. तुला विचारायला काहीतरी हवं होतं मलाही. पण तो माझा हिस्सा झाला, त्यातून तुझा कमी होत नाही. मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करीन असंही आज सांगत नाही. एका बाजूनं सगळं जग बंद झालंय, रस्ता ओलांडताना मान गरागरा फिरवावी लागते, भाजीवाला काय म्हणाला ते हसून टाळावं लागतं. हे मी रोज करते आणि रोज तू आठवतोस. ते तसं राहणार.

आता दोन गोष्टी. वहिनीला फोन कर. विचारायचं सोडलं म्हणे! गाढवा, तीही तिकडे तू विचारशील म्हणून थांबली नसेल कशावरून?

दुसरी. शनिवारी दुकान बंद ठेव आणि इकडे ये. हत्यारं आणू नकोस, काही दुरुस्त करायचं नाहीये. मला त्या खोलीत नुसतं कोणीतरी बसलेलं हवं आहे. मी विचारीन, ‘तुला येतोय का आवाज?’ तू नाही म्हण. या वेळी तरी जे खरं आहे तेच बोल. मग मी काय बोलायचं ते बोलीन, कदाचित ओरडीन, कदाचित नुसताच चहा करीन.

आलास की माझ्या उजवीकडे बस.

ताई